रिटायरमेंटचे ९ लाख फणसाच्या ड्रायरात घालू का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. राधानगरीच्या वरच्या अंगाला घर, मालक सूतगिरणीतनं ६० पूर्ण करून रिटायर, हातात १५ लाख, आणि पोरगं लेहला फिरायला गेलं ते वाळवलेले जर्दाळू घेऊन आलं, ते खाऊन डोक्यात आलं की आपल्याकडं फणस-करवंदं झाडाखाली कुजतात तर आपण ड्रायर का घालू नये, बचत गटाच्या १० बायका आहेतच आणि कोटेशन आलंय ९ लाखाचं.

आधी लेहचं बोलू. तिथं वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, जर्दाळू पिकतो जुलै-ऑगस्टात, हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळं लोक छपरावर पसरतात आणि वाळवायचा खर्च जवळपास शून्य, वर बिया फोडून तेल काढतात ते वेगळंच. आपल्याकडं फणस पिकायला आणि मिरगाचा पाऊस यायला एकच गाठ पडते. तासगावचा बेदाणासुद्धा पावसाच्या आधीच्या उन्हावर उरकतो म्हणून परवडतो. तुमचा ड्रायर विजेवर पळणार.

हिशेब बघा. १ टन फणस फोडला तर गरे निघतात साधारण ३०० किलो, ते वाळून राहतात ८० किलोच्या आसपास, म्हणजे २२० लिटर पाणी उडवायचं आणि लिटरला १ ते दीड युनिट जातं, १० रुपये युनिट धरलं तरी सुक्या मालाच्या किलोमागं ३०-४० रुपये नुसती वीज. हे एकवेळ चालेल. पण चीक काढत गरे सोलायची मजुरी, पाकीट, दमट हवेत माल मऊ पडून येणारी बुरशी, आणि दुकानदार पैसे देणार दोन महिन्यांनी, ते कोटेशनमध्ये कुठंय? सगळा माल दीड महिन्यात विकत घ्यायचा, रोखीनं, आणि विकायचा वर्षभर. पैसा मशीनपेक्षा इथंच अडकतो. माझ्या एका क्लायंटनं असाच ड्रायर घेतला, खेळतं भांडवल ठेवलंच नाही, आता पावसाळ्यात त्यात पोरांचे युनिफॉर्म वाळतात. (हसू नका, त्याचा हप्ता अजून चालू आहे.)

आणि एक, फणस कापा (घट्ट गऱ्याचा) आहे का बरका (मऊ, बुळबुळीत गऱ्याचा) हे तुम्ही लिहिलंच नाही. बरका असंल तर ट्रेवर नुसता चिकट लगदा होणार, त्याची फणसपोळीच करावी लागणार.

आता सबसिडी. ड्रायरचा एजंट म्हणाला ना ३५ टक्के मिळतात? केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत मिळतात, १० लाखापर्यंत, पण ती बँकेच्या कर्जाला जोडलेली आहे, घरचे ९ लाख रोख भरले तर सबसिडी शून्य. स्वतःचे फक्त १० टक्के घालायचे, बाकी कर्ज, आणि सबसिडी तुमच्या हातात येत नाही, बँकेत पडून राहते आणि युनिट ३ वर्षं चालू असंल, हप्ते थकलेले नसतील तरच कर्जात वळती होते. त्याच योजनेत बचत गटाला प्रत्येक बाईमागं ४०,००० पर्यंत बीज भांडवल आहे, ते एजंटनं सांगितलं नसंल कारण त्यात त्याला काही सुटत नाही. सध्या अर्ज घेतायत का ते कृषी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

हेच ९ लाख मालकांच्या नावानं सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७३,८०० येतात, महिन्याला सहा हजारावर, घरी बसून. ड्रायरनं निदान एवढं कमवून वर तुमची मजुरी काढून दिली पाहिजे, आणि पहिल्या दोन वर्षांत ते होईल असं मला तरी वाटत नाही.

म्हणून माझं मत, १० लाख त्या स्कीममध्ये, साडेतीन लाख एफडीत दवाखान्यासाठी, आणि दीड लाखात एक सीझन करून बघा. छोटा ट्रे ड्रायर घ्या किंवा कुणाच्या तरी युनिटवर पैसे देऊन वाळवून (जॉबवर्क) घ्या. सुरुवात आमसुलानं करा, रातांबे (कोकमाची फळं) आणि करवंदं पावसाच्या आधी येतात, ऊन फुकट आहे. फणस थोडाच. दाजीपूरला येणारे पर्यटक, कोल्हापुरातल्या महाद्वार रोडची दोन-तीन दुकानं, एवढ्यावर दिवाळीपर्यंत ७० टक्के माल रोखीनं गेला तर बँकेत जाऊ, प्रोजेक्ट रिपोर्ट मी बघून देतो.

तोवर कोटेशनवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका. दिला असंल तर पावतीचा फोटो पाठवा, किती परत मिळतात बघू.