जुन्या मालकाचंच अकाउंट वापरू का?

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, विंडोज ११ आहे. चालू केला की आधीच्या मालकाचं नाव येतं, पासवर्ड दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलाय. घरी मी, मिसेस आणि आठवीतली मुलगी असे तिघं वापरणार. नाव बदलून तेच अकाउंट वापरलं तर चालेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : नका वापरू हो. वरचं नाव बदललंत तरी सी ड्राइव्हमधलं यूजर्स फोल्डर उघडून बघा, तिथे त्या माणसाचं नाव तसंच असतं, आणि त्याने आत काय काय टाकून ठेवलंय ते तुम्हाला कळणार नाही, शिवाय तो पासवर्ड दोघातिघांना आधीच माहीत आहे.

आधी चार्जर लावून रीसेट मारा. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, मग रीसेट धिस पीसी. तिथे रिमूव्ह एव्हरीथिंगच निवडा, कीप माय फाइल्स केलंत तर जुनं अकाउंट आणि फायली तशाच राहतात.

यानंतर सेटअप येईल तेव्हा नीट बघा. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर तिथे एका कंपनीचं नाव आलं आणि ऑफिसचा ईमेल मागायला लागला. बिचाऱ्याने तीनदा रीसेट केला, तरी तेच, कारण लॅपटॉप त्या कंपनीचा असल्याची नोंद डिस्कवर नसतेच, कंपनीच्या ऑनलाइन खात्यात असते आणि कंपनीनेच काढली तर निघते. असं दिसलं तर तडक बिल घेऊन दुकानात जा, पैसे परत मागा.

नाही दिसलं तर पहिलं अकाउंट बनेल ते ॲडमिनिस्ट्रेटर असतं, ते फक्त सॉफ्टवेअर टाकायला ठेवा. मग सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथून तुमचं आणि मिसेसचं वेगळं करा, नवीन अकाउंट आपोआप स्टँडर्ड, म्हणजे कमी अधिकारांचं होतं. हो, तुम्ही स्वतःसुद्धा रोज स्टँडर्डच वापरा, माझा याबाबतीत आग्रहच आहे! चुकून भलत्या फाइलवर क्लिक झालं आणि ती सिस्टिममध्ये हात घालायला गेली तर ॲडमिनचा पासवर्ड मागते, तेवढ्यात माणूस थांबतो. मुलीचं मात्र फॅमिलीमधून चाइल्ड अकाउंट करा, म्हणजे किती वेळ वापरायचं ते तुम्हाला ठरवता येतं, आणि हे तिला सांगून करा, गुपचूप नको.

ॲडमिनचा पासवर्ड डायरीत लिहून बिलासोबत कपाटात ठेवा.