नाव बदलले, पुस्तिकेचे काय?

प्रश्न : आम्ही काही मित्र एक छोटे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालवतो. त्याचे नाव एका कंपनीच्या नावाशी जुळत असल्याने गेल्या महिन्यात आम्ही ते बदलले. मी ‘फाइंड अँड रिप्लेस’ करून माहितीपुस्तिकेत सर्वत्र नवे नाव घातले. तेव्हापासून पुस्तिकेप्रमाणे केले तरी सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही, अशा तक्रारी येत आहेत. चूक कुठे झाली?

उत्तर : पुस्तिकेतले नाव काही ठिकाणी माणूस वाचतो, तर काही ठिकाणी संगणक, आपण दोन्ही एकाच झपाट्यात बदललीत. वाक्यातले नाव खुशाल बदलावे. कमांड, फोल्डर आणि पॅकेज यांची नावे मात्र आधी प्रोग्रॅममध्ये बदलावी लागतात, पुस्तिकेत त्यानंतर.

जेन्किन्सचे उदाहरण पाहा. प्रोग्रॅमची बांधणी आणि चाचणी आपोआप करणारे हे सॉफ्टवेअर पूर्वी हडसन म्हणून ओळखले जाई. ते जिथे घडले ती सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ओरॅकलने विकत घेतल्यावर नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११ च्या जानेवारीत मतदान होऊन जेन्किन्स हे नाव ठरले. तरीही त्याच्या जावा कोडमधील कित्येक पॅकेजची (म्हणजे कोडच्या गटांची) नावे आजही ‘हडसन’नेच सुरू होतात, कारण ती बदलली असती तर त्यांच्यावर विसंबून असलेली असंख्य प्लगिन (जोडप्रोग्रॅम) बंद पडली असती. तेथील कोडच्या नमुन्यात जुने नाव दिसते तो निष्काळजीपणा नव्हे. उलट एखाद्या उत्साही संपादकाने ते ‘सुधारले’, तर तो नमुना चालणारच नाही. याउलट २००६ मध्ये नेटवर्कवरील माहितीची ये-जा तपासणाऱ्या इथीरियल या सॉफ्टवेअरचे नाव वायरशार्क झाले, तेव्हा ‘टीइथीरियल’ ही कमांडच ‘टीशार्क’ झाली. तेथे पुस्तिका बदलणे भागच होते.

आपण गेल्या महिन्यातला बदल मागे घ्यावा आणि एकेक उल्लेख डोळ्यांखालून घालून वाक्यांतले नाव हातानेच बदलावे. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. जुन्या आवृत्त्यांच्या नोंदींना हात लावू नये, कारण त्या आवृत्त्या जुन्या नावानेच निघाल्या होत्या. पहिल्या पानावर ‘पूर्वीचे नाव अमुक’ असे ठळकपणे लिहावे, म्हणजे जुन्या नावाने शोधणारा माणूसही योग्य जागी पोहोचेल. पुस्तिकेच्या पानांचे पत्ते बदलले असतील, तर जुन्या पत्त्यांवरून नव्या पानांकडे वळवण्याची सोय ठेवावी. शेवटी, ज्या संगणकावर आपले सॉफ्टवेअर कधीच नव्हते अशा संगणकावर पुस्तिकेतील प्रत्येक कमांड चालवून पाहावी. आपल्या स्वतःच्या संगणकावर जुनी फोल्डरे शिल्लक असतात, त्यामुळे तेथे चुका लपून राहतात.