टाके न घालता फायब्रिन ग्लूने जखम चिकटवता येते का?

काही शस्त्रक्रियांत येते, पण ताण पडणारी जखम एकट्या फायब्रिन ग्लूच्या भरवशावर सोडता येत नाही. यात मानवी प्लाझ्मातली दोन प्रथिने असतात: फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन. वेगवेगळ्या सिरिंजमधून ती जखमेवर एकत्र आली की रक्त गोठण्याची शेवटची पायरी तिथेच घडते. फायब्रिनचे जाळे तयार होते आणि कडा धरून ठेवते. पुढे दोनेक आठवड्यांत शरीर ते जाळे स्वतःच विरघळवते, काढायला काही उरत नाही. याचा सगळ्यात सुंदर उपयोग मला डोळ्याच्या शस्त्रक्रियेत वाटतो. बुबुळावर वाढलेले मांस, म्हणजे टेरिजियम, काढल्यावर त्या जागी रुग्णाच्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा यानेच बसवतात. टाक्यांपेक्षा वेळ कमी लागतो आणि नंतर डोळाही कमी खुपतो. मुलाच्या कपाळावरची खोक चिकटवतात तो ग्लू मात्र बहुधा सायनोअॅक्रिलेट असतो, त्यात प्रथिन नसते. आणि एक खबरदारी: फायब्रिन ग्लू रक्तवाहिनीत गेला तर गुठळी होऊन जिवावर बेतू शकते, त्यामुळे तो फक्त सर्जननेच वापरायचा.