मॉरिशसला प्रजासत्ताक व्हायला 24 वर्षं का लागली?

तुम्ही विचारलंय की मॉरिशस 1968 मध्ये स्वतंत्र झालं, मग ब्रिटनची राणी राष्ट्रप्रमुखपदावरून जायला 1992 का उजाडलं आणि त्याने नेमकं काय बदललं.

माझ्या मते उत्तराची सुरुवात 7 ऑगस्ट 1967 च्या निवडणुकीत आहे. मुद्दा एकच होता: ब्रिटनपासून वेगळं व्हायचं की नाही. पुढे पहिले पंतप्रधान झालेले शिवसागर रामगुलाम यांची स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली, पण स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या गाएताँ द्युवाल यांच्या पक्षाला जवळपास 44 टक्के मतं पडली. भारतात वाढलेल्या माणसाला हा आकडा पटकन पचत नाही. क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी आणि मिश्र वंशाचे लोक) आणि फ्रेंच वंशाच्या अनेकांना धास्ती होती, इंग्रज गेले की बहुसंख्य हिंदूंपुढे आपलं कोण ऐकणार? त्यात जानेवारी 1968 मध्ये राजधानी पोर्ट लुईत दंगल उसळली आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. जेमतेम दोन महिन्यांनी, 12 मार्चला, देश स्वतंत्र झाला. निम्मा देश धास्तावलेला असताना राणीलाही लगेच निरोप दिला असता, तर ती भीती आणखी वाढली असती. रामगुलामांनी घाई केली नाही हे शहाणपणाचंच होतं, असं मला मनापासून वाटतं.

पुढची अडचण आकड्यांची. प्रजासत्ताक होण्यासाठी संसदेत तीन-चतुर्थांश बहुमत हवं होतं. 1982 मध्ये एका आघाडीने मुख्य बेटावरच्या सगळ्या 60 जागा जिंकल्या, पण वर्षभरातच ती फुटली. 1990 मधला प्रयत्नही संख्याबळाअभावी बारगळला. सप्टेंबर 1991 मध्ये पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ आणि पॉल बेरांजे यांचे पक्ष एकत्र लढले, 62 पैकी 57 जागा आल्या आणि डिसेंबरमध्ये घटनादुरुस्ती झाली. 12 मार्च 1992 रोजी, स्वातंत्र्याच्याच तारखेला, मॉरिशस प्रजासत्ताक झालं.

बदललं काय? राणीचे प्रतिनिधी असलेले शेवटचे गव्हर्नर जनरल सर वीरास्वामी रिंगाडू हेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांनी कासम उतीम आले. गव्हर्नर जनरलला राणी नेमायची, तेही पंतप्रधानांच्या सल्ल्याने. राष्ट्राध्यक्षाला संसद निवडते, पण नाव पंतप्रधानच सुचवतात. म्हणजे सत्तेची किल्ली होती तिथेच राहिली. आपल्यासारखी नवी राज्यघटनाही लिहिली गेली नाही, 1968 चीच दुरुस्त केली. तरीही मी याला निव्वळ पाटी बदलणं म्हणणार नाही. उतीम मुस्लिम होते आणि 2002 पर्यंत त्या पदावर राहिले. ज्या देशात 1968 ची दंगल मुस्लिम आणि क्रिओल यांच्यात झाली होती, तिथे अल्पसंख्याकांपैकी एकजण इतकी वर्षं राष्ट्रप्रमुख राहणं ही लहान गोष्ट नाही.

एक धागा मात्र त्यांनी जाणूनबुजून तोडला नाही. शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या अपील न्यायमंडळाकडे, जातं. भारताने तो मार्ग 1949 मध्येच, प्रजासत्ताक होण्याआधी, बंद केला होता.