नाण्यांचा चांदीचा पेला: गुंतवणूक की हौस?

स्टॉकहोमहून तुम्ही विचारलंय: तळात आणि अंगावर जुनी नाणी जडवलेला, 420 ग्रॅमचा स्वीडिश चांदीचा पेला लिलावात आहे, अंदाज 48,000 क्रोना, शिल्लक 1,80,000, पुढच्या वर्षी घर घ्यायचंय. ‘चांदी आहे, बुडणार कशी?’

बुडणार नाही, पण अडकेल. तुम्ही पाठवलेल्या अटींत खरेदीवर 25 टक्के शुल्क आहे, म्हणजे पेला 60,000 ला पडला. विकताना 15 टक्के दलाली. नुसतं मुद्दल परत यायला बोली 70,600 च्या आसपास जायला हवी, म्हणजे 47 टक्के वाढ. आठ वर्षं दरवर्षी पाच टक्के भाव वाढला तर कुठे तुम्ही होतात तिथे पोचाल.

मोडीचा हिशेबही करा. 830 कसाची, म्हणजे हजारात 830 भाग शुद्ध चांदी धरली तर शुद्ध चांदी साडेतीनशे ग्रॅमच्या आतच. तिला ग्रॅममागे 172 क्रोना मोजताय, बाजारभावाच्या कितीतरी पट. हा फरक कारागिरी आणि वय यांचा. आणि वयाबद्दलच मला शंका आहे. तळाच्या नाण्यावर 1694 आहे, स्वीडनचा राजा कार्ल अकरावा याच्या काळातलं. त्यावरून एवढंच कळतं की पेला त्याआधीचा नाही. जुनी नाणी बसवून 19व्या शतकातही असे पेले घडवले गेले. शिवाय झाळून बसवलेल्या नाण्याला नाणेसंग्राहक सुट्या नाण्याचा भाव देत नाहीत.

म्हणून लिलावगृहाकडे ठशांचे जवळचे फोटो मागा: कारागिराचा ठसा आणि शहराचा, स्टॉकहोमचा असेल तर संत एरिकचं डोकं. 18व्या शतकाच्या मध्यापासून तीन मुकुटांचा सरकारी ठसा येतो, 1759 पासून देशभर घडवल्याचं वर्ष सांगणारं अक्षर. ‘17वं शतक’ म्हणून विकत असतील आणि पेल्यावर हा तीन मुकुटांचा ठसा असेल, तर विषय संपला. झाळकामाची दुरुस्ती, मागाहून दिलेला सोन्याचा मुलामा, हेही लेखी विचारा.

कराची बाजू बरी आहे. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरचा वर्षाला 50,000 क्रोनापर्यंतचा नफा स्वीडनमध्ये करमुक्त असतो. पण नफा झाला तर ना!

घरासाठीच्या पैशांतून हा पेला घेऊ नका, माझं मत स्पष्ट आहे. पेला खरंच आवडला असेल तर शुल्कासह 20,000 पर्यंत, म्हणजे बोली 16,000 च्या पुढे नाही. या पेल्याला ती पुरणार नाही, छोटा, अलीकडचा एखादा मिळेल. कमाल बोली आधीच भरा आणि लिलाव संपेपर्यंत ते पान उघडू नका.