पहिली दुर्बीण घेताना

पक्षी बघायला दुर्बीण ८ बाय ४२ चीच घे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. २० पटीच्या स्वस्त दुर्बिणीत चित्र हलतं, आणि बेळगावजवळच्या खानापूरच्या दाट झाडीत उजेडही पुरत नाही. कॅमेऱ्याचं नंतर बघू. पावसाळ्यात जांबोटीकडे गेलास तर पक्ष्यांपेक्षा बेडूक ऐक; जळवांसाठी लांब मोजे हवेतच. थंडीत तळ्यांवर बदकं.

धनेश (हॉर्नबिल, मोठ्या चोचीचा पक्षी) मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर, फळलेल्या उंबराखाली बसून बघ. अंग राखाडी आणि चोचीवर टोकदार शिंग असेल तर राखी धनेश. शिंगच नसेल तर मलबारी राखी धनेश. पुस्तकातला रंग बघत बसू नकोस, सावलीत तो फसवतो. त्याच्या घरट्याच्या ढोलीजवळ तर जाऊच नको, आत मादी स्वतःला कोंडून बसलेली असते. नर बुजला तर तिला भरवणार कोण? भीमगड अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याला विचार.