तो गट सोडून आला, पण खरंच बदललाय का?

"मॅडम, तो सोडून आलाय म्हणतो, पण विश्वास कसा ठेवायचा?" द्वेष पसरवणाऱ्या कट्टर गटातून बाहेर पडलेल्या माणसाच्या घरचे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा हा प्रश्न जवळजवळ ठरलेलाच असतो. या केसमध्ये मोठ्या बहिणीने विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि गट कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की अर्धे लोक "बघा, त्यांच्यातलेच" म्हणून पुढचं वाचतच नाहीत.)

मुलगा पंचविशीचा. कॉलेजात एकटा पडलेला असताना गटात ओढला गेला. सोडायचं कारण काही फार थोर वगैरे नव्हतं. एका साथीदाराला पोलिसांनी उचललं तेव्हा वरचे सगळे फोन बंद करून बसले आणि याला कळलं की आपण भाऊ-भाऊ हे फक्त भाषणापुरतं होतं. बहिणीला हेच खटकत होतं. "म्हणजे विचार चुकीचे वाटले म्हणून नाही सोडलं, माणसं वाईट निघाली म्हणून सोडलं. उद्या चांगली माणसं भेटली तर जाईल की परत."

शंका रास्त आहे तिची. पण मी तिला सांगितलं की ताई, पुष्कळ जण असेच बाहेर पडतात, आधी माणसांचा वीट येतो, विचार मागाहून सुटतात आणि त्याला वर्षं लागतात. अमेरिकेत पीट सिमी या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोऱ्या वर्चस्ववादी गटांतून बाहेर पडलेल्या ८९ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, २०१७ मध्ये तो अभ्यास छापून आला, त्यात हेच दिसतं की माणूस मनापासून बाहेर पडलेला असला तरी जुना द्वेष नको असताना अचानक वर येतो, व्यसन सुटलेल्याला तलफ येते तसा.

एकदा तो सेशनला आला तोच मान खाली घालून. पार्सल आणणाऱ्याचं नाव मोबाईलवर वाचलं आणि गटात त्या समाजाला जी शिवी घालायचे ती मनात आली, तोंडातून नाही निघाली, पण आली. "म्हणजे मी तसाच आहे ना मॅडम?"

मी विचारलं, मग तू काय केलंस?

"काय करणार, दार उघडलं, पार्सल घेतलं, थँक्यू म्हणालो. मग बराच वेळ बाथरूममध्ये बसून राहिलो."

म्हटलं, शिवी आली ती सवयीने आली, थँक्यू तू स्वतः म्हणालास, आपण त्यावर बोलू. त्यानंतर आम्ही असे प्रसंग लिहून काढायला लागलो, कुठे होतास, कोण समोर होतं, पोटात काय झालं, पुढे काय केलंस. त्यातून कळलं की शिवी यायची ती बहुतेक वेळा दिवसभर कोणाशी बोलणं झालेलं नसेल तेव्हा. म्हणजे खरा प्रश्न रिकाम्या संध्याकाळचा होता, जी आधी गटाने भरलेली असायची. मग जिम, एक पार्टटाइम काम आणि जुने शाळेतले दोन मित्र, यावर आमचा जास्त वेळ गेला, विचारसरणीवर वाद घालण्यात फार कमी.

आता दुसरी गोष्ट. बाहेर पडून वर्ष होत नाही तोच त्याला मुलांपुढे भाषण द्यायचं होतं, सहिष्णुतेवर. बहीण खूश, मी नाही. भाषण लिहून आणायला सांगितलं. वाचलं तर अर्धं भाषण मारामारीच्या किश्श्यांनी भरलेलं, रात्रीच्या मीटिंगा, घोषणा, पोलिसांना दिलेला चकवा, ऐकणाऱ्या पोराला वाटावं की काय थ्रिल आहे राव! आणि ज्याला यांनी मारहाण केली तो माणूस एका वाक्यात येऊन गेला. मी एवढंच विचारलं की हे भाषण त्याने ऐकलं तर? गप्प बसला. दुसऱ्या दिवशी मेसेज केला की आत्ता नको, नंतर बघू.

आर्नो मायकेलिसबद्दल मी त्याला तेव्हाच सांगितलं. अमेरिकेतल्या स्किनहेड (डोकं भादरून फिरणाऱ्या गोऱ्या वर्चस्ववादी) गटातला मोठा माणूस, नव्वदच्या दशकातच बाहेर पडला. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात तसल्याच गटातल्या एकाने गोळीबार केला. त्यात परदीप कालेकांचे वडील गेले. परदीपनी स्वतःहून आर्नोला गाठलं, असं कोणी का करतं हे त्यांना समजून घ्यायचं होतं, आणि पुढे दोघं मिळून शाळांमधल्या मुलांसोबत काम करायला लागले. यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत, एक म्हणजे आर्नोच्या पाठीशी तोवर कित्येक वर्षांचं साधं आयुष्य होतं, आणि दुसरं म्हणजे पहिलं पाऊल परदीपनी टाकलं. ज्याला आपण दुखावलं त्याच्या दारात माफी मागायला आपणहून जाऊन उभं राहायचं नसतं, त्याला आपलं तोंडही बघायचं नसेल. विचारायचंच असेल तर मधल्या माणसामार्फत, आणि तो नाही म्हणाला तर विषय संपला.

आता तो बोलतो, पण छोट्या गटात आणि सोबत कोणीतरी अनुभवी माणूस असतो. किस्से गेले. तो सांगतो की मला विचारांनी नाही ओढलं, एका सिनियरने रोज जेवलास का विचारलं, कामाला लावलं, मग द्वेष आपोआप मागून आला. मुलं हे लक्ष देऊन ऐकतात कारण तसा सिनियर त्यांच्याही ओळखीत असतो.

बहीण अजून त्याचा फोन चोरून बघते. मी तिला म्हटलंय की तपासायचं असेल तर त्याला सांगून तपासा, तो हो म्हणतो की चिडतो यातून जास्त कळेल. आणि जुन्या लोकांच्या धमक्या आल्या तर मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलिसांकडे जा. आणि त्याचा चेहरा दिसणारा व्हिडिओ, कितीही अभिमान वाटला तरी, एवढ्यात कुठेही टाकू नका.